कॅमेरा धरणाऱ्या मैनाबाई

मैनाबाई सिरसाटांना कुणी विचारलं की तुम्ही दवाखान्यात नेमकं काय करता, तर त्या सांगायच्या, "मी कॅमेरा धरतो." विचारणाऱ्याला वाटायचं, बाई लग्नाकार्यात फोटो काढत असतील. पातूरच्या एका सोयरिकीत तर नवरदेवाच्या मामानं त्यांना दिवसाचे किती घेता म्हणून विचारलं होतं. मैनाबाईंनी त्याला खुर्चीवर बसवून समजावलं होतं, की भाऊ, हा कॅमेरा पोटात जातो.

पोटात म्हणजे बेंबीपाशी पाडलेल्या बोटभर भोकातून. आधी आत गॅस भरून पोट तंबूसारखं फुगवायचं, मग लांब दांडीची दुर्बीण आत सरकवायची. आतलं सगळं टीव्हीच्या पडद्यावर दिसतं. सर्जनचे दोन्ही हात दोन बारीक हत्यारांत गुंतलेले असतात आणि डोळे पडद्याला लागलेले. त्याला काय दिसावं, किती जवळून दिसावं, कुठल्या अंगानं दिसावं, हे सगळं दुर्बीण धरणाऱ्याच्या मनगटावर. अकोल्यातल्या एका गल्लीत वीस खाटांचा दवाखाना होता. तिथं डॉ. गुल्हाने खड्यांनी भरलेली पित्ताशयं काढायचे, आणि चोवीस वर्षं ती दुर्बीण मैनाबाईंच्या हातात होती.

त्या मूळच्या पातूरकडच्या खेड्यातल्या. वडील दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं जायचे, पण पोरांनी शिकायचं यावर त्या घरात कधी वाद झाला नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्याखालच्या फळीवर वह्यापुस्तकं, दुसरं काही ठेवायची मुभा नव्हती. थोरला भाऊ बंडू रेडिओ दुरुस्त करायचा. रेडिओचं मागचं झाकण काढून तो तारांना डाख द्यायला लागला की मैना शेजारी बॅटरी धरून उभी. उजेड जरा हलला की बंडू खेकसायचा, "माह्या हातावर काहून मारतं? कामावर मार!" बंडूच्या कामाला तास लागो की दोन, मैनाचा हात तिथंच. शेजारच्या बाया म्हणायच्या, पोरगी हाय का खांब?

नर्सिंगचं शिक्षण घेऊन त्या अकोल्याला गुल्हान्यांकडे लागल्या ते नव्याण्णव साली. सव्वीस वर्षांचं वय. लग्न झालेलं, नवरा डोमाजी एसटीत वाहक, अकोला-अकोट गाडीवर. डॉक्टर तेव्हा नुकतेच मुंबईहून दुर्बिणीचं तंत्र शिकून आलेले आणि कर्ज काढून त्यांनी सगळा सरंजाम आणलेला. दुर्बीण धरायला एक शिकाऊ डॉक्टर होता. हुशार पोरगा, पण दहा मिनिटांत त्याचा हात भरून यायचा आणि पडद्यावरचं चित्र डुलायला लागायचं. डॉक्टर ओरडायचे, "अरे, पाळण्यात बसवलंस का मला?" एकदा तो परीक्षेला गेला आणि पेशंट टेबलावर आलेला. डॉक्टरांनी समोर जी कुणी नर्स उभी होती तिच्या हातात दांडी दिली आणि काम सुरू केलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. चित्र जागचं हललं नाही. आडवी रेघ आडवीच राहिली, हत्यार मधोमध राहिलं, काचेवर वाफ धरायच्या आत कुणीतरी दुर्बीण बाहेर घेऊन गरम पाण्यातून काढून परत आत सोडली होती.

डॉक्टरांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "कोण आहे?"

"मी हाय सर. मैना."

"इथंच राहा," डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून त्या तिथंच राहिल्या. टेबलाच्या डाव्या बाजूला डॉक्टर आणि त्यांच्या डाव्या हाताला लागून मैनाबाई. त्यांचा कोपर डॉक्टरांच्या कोपराला लागलेला असे आणि दोघांची नजर एकाच पडद्यावर. पहिली दोनेक वर्षं डॉक्टर सांगायचे, जवळ घे, मागं जा, जरा वळव. मग सांगणं कमी होत गेलं आणि पुढं संपलंच. डॉक्टर नुसतं "मैना" म्हणायचे, आणि ते कुठल्या सुरात म्हटलं त्यावरून काय हवं ते त्यांना कळायचं. बऱ्याचदा तेवढंही लागत नसे. डॉक्टरांचा खांदा किंचित वळला की दुर्बीण त्या अंगाला गेलेली असायची. साधं पित्ताशय असलं तर पंचेचाळीस मिनिटं लागायची. त्या पंचेचाळीस मिनिटांत बाहेर अकोल्याचं ऊन शेहेचाळीस अंशांवर गेलंय, घरी नळ यायचा वार आहे, मुलाची, पिंटूची फी भरायचीय, यातलं काही मैनाबाईंच्या मनात शिरत नसे.

एक दिवस मात्र शब्द लागले. मूर्तिजापूरच्या एका मास्तरांची बायको टेबलावर होती. महिनाभर दुखणं अंगावर काढून आलेली, आत सगळं सुजून एकमेकांना चिकटलेलं. पित्ताशयाला एक बारीक नळी असते, तिला क्लिप लावून कापायचं असतं. ती ज्या मोठ्या नळीला मिळते तिला मात्र धक्का लागता कामा नये. यकृताचं पित्त त्या मोठ्या नळीतून उतरतं, आणि ती चुकून कापली गेली तर माणसाचं आयुष्य दवाखान्याच्या पायऱ्या चढण्यात जातं. डॉक्टरांनी बराच वेळ सोडवून सोडवून एक नळी मोकळी केली होती. क्लिपचं हत्यार आत आलं.

"मैना, जवळ घे."

मैनाबाईंनी दुर्बीण जवळ घेण्याऐवजी मागं घेतली.

"जवळ म्हणालो."

"सर, थांबा जरा. हे नळी सरळ खाली जाऊन राहिली. थैलीतून निंघाली असं दिसून नाई राहिलं मले."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मान वर केली. डॉ. गुल्हान्यांनी हत्यार मागं घेतलं, मैनाबाईंनी दुर्बीण फिरवून एकदा पुढून, एकदा मागून दाखवलं. ती मोठी नळी होती. डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम एका नर्सनं पुसला. पुढं दीड तास लागला, पण मास्तरीणबाई चौथ्या दिवशी चालत घरी गेल्या. हात धुताना डॉक्टर म्हणाले, "आजपासून तू हो म्हटल्याशिवाय क्लिप नाही." आणि खरोखरच ते त्यानंतर प्रत्येक वेळी थांबत. मैनाबाई पुढून दाखवायच्या, मागून दाखवायच्या, आणि म्हणायच्या, "हो." मग क्लिप.

वर्षं गेली. डॉक्टर साठीला आले. ऑपरेशन करताना हात उचललेले आणि मान पडद्याकडे वळलेली, असे ते हजारो तास उभे राहिले होते. मानेतला मणका दबला. आधी खांदा दुखायचा, मग डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. ते कुणाला सांगत नव्हते. मैनाबाईंना सांगायची गरज नव्हती, त्यांच्या कोपराला ते कळत होतं.

डॉक्टरांचा मुलगा ललित हाही सर्जन. त्यानं अमरावतीला, नांदगाव पेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोठं हॉस्पिटल काढलं आणि तिथं रोबो आणला. अकोल्याचा दवाखाना बंद करून त्यानं वडलांना तिकडे नेलं. निरोपाच्या दिवशी तो मैनाबाईंना म्हणाला, "मावशी, तुम्ही नसाल तर पप्पा येणार नाहीत. चला." मैनाबाईंना हसू आलं आणि रडूही. त्या सकाळच्या गाडीनं बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून बसनं, अशा रोज जाऊ-येऊ लागल्या.

नवी खोली थंड, पांढरी आणि मोठी. पेशंटच्या अंगावर प्लास्टिकचे झगे घातलेले चार यांत्रिक हात वाकलेले, आणि खोलीच्या कोपऱ्यात एक पेटीसारखं आसन. डॉक्टर बूट काढून तिथं बसायचे, कपाळ पेटीला टेकवायचे, बोटं कड्यांत घालायचे. पोटावरची भोकं इथंही तेवढीच, गॅस तोच, पित्ताशय तेच. पण आत गेलेलं हत्यार मनगटासारखं वळायचं, आणि डॉक्टरांना पेटीत सगळं खोल-उथळ कळेल असं दिसायचं, आपण डोळ्यांनी वस्तू पाहतो तसं. दुर्बीण एका यांत्रिक हातानं धरलेली. डॉक्टरांनी पायाखालची पट्टी दाबली की त्यांना हवी तिकडे ती जायची. तो हात भरून येत नव्हता. चहाला जात नव्हता.

मैनाबाईंचं काम आता टेबलाशेजारी उभं राहून यंत्राच्या हातांत हत्यारं बसवायचं, बदलायचं, लागलं तर आतलं रक्त ओढून घ्यायचं. महिनाभरात त्या ते शिकल्या, चांगलं शिकल्या. तरी पहिल्या दिवशीची एक गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. दहा फुटांवर बसलेल्या माणसाचा आवाज त्यांना यंत्राच्या स्पीकरमधून आला. त्यांनी चटकन शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं.

आणि पुढच्या आठवड्यातली आणखी एक. क्लिपची वेळ आली, डॉक्टरांनी स्वतःच पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि मैनाबाईंच्या तोंडून सवयीनं निघालं, "हो."

स्पीकर म्हणाला, "काय गं? काही पाहिजे का?"

"नाई सर. काई नाई."

घरी त्यांचं लक्ष लागेना. एका संध्याकाळी डोमाजी ड्यूटीवरून येऊन भाकर खात होते. बायकोनं दुसऱ्यांदा मिठाचा डबा पुढं केला तेव्हा त्यांनी हात थांबवला.

"काय झालं तुले? पगार वाढला, एसीत उभी रायतं, आन् चेहरा असा का जसा काई कोनी मेलं."

"काई नाई झालं."

"मंग? तुले डॉक्टर पायजे का कॅमेरा पायजे, ते तरी सांग." डोमाजींचं बोलणं असंच, पुण्याच्या माणसानं ऐकलं तर भांडण समजेल. पण ते हसत नव्हते.

मैनाबाईंनी विचार केला. "दोनी नाई पायजे," त्या म्हणाल्या. "मले ते पंचेचाळीस मिनिटं पायजे."

डोमाजींनी घास घेतला, चावला, गिळला. "ते मी कुठून आनू," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं त्यांनीच उठून दोघांची ताटं धुतली.

मे महिन्यात आशाबाई आल्या. माहेर अकोटकडचं, नवरा खुशालराव नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या कारखान्यात. आशाबाईंना वर्षभर जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची. सोनोग्राफीत खडे निघाले. ललितनं दोन्ही मार्ग सांगितले, कागद दिला आणि विचार करून कळवा म्हणाला. मैनाबाई ब्लडप्रेशर पाहायला गेल्या तेव्हा आशाबाईंनी त्यांचा हातच धरला.

"बाई, तुमी रोज पायता. मशीनचं चांगलं का दुर्बिणीचं? खरं सांगजा."

खुशालराव म्हणाले, "मशीन महाग हाय, मंजे चांगलंच असन ना? बायकोच्या जीवापुढं मी मांगंपुढं नाई पायनार."

मैनाबाई खाटेच्या कडेला बसल्या. "तुमची थैली साधी हाय," त्या सांगू लागल्या. "तेवढ्यासाठी दोन्हीत पेशंटले फरक नाई. भोकं तेवढीच, दुखनं तेवढंच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. मशीन लावाले येळ जास्त लागते. मशीनमंदी डॉक्टरले आतलं खोल दिसते, हत्यार वळते, डॉक्टरची मान आन् खांदा वाचते. अवघड ऑपरेशनात त्याचा फायदा होत असन. पन साधी थैली काढाची त दुर्बिणीनं तीस वर्षं झाले लोक काढून राहिले, आन् चांगलेच हायत. हात कोनाचा हाय आन् त्यानं किती केले, ते मोठं."

"मंग तुमी असत्या त काय केलं असतं?"

आतापर्यंत मैनाबाईंनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. डॉक्टरही बैठकीत नव्या डॉक्टरांना हेच सांगत. पण मनाच्या तळाशी काहीतरी उसळून वर आलं होतं आणि ते आशाबाईंच्या पित्ताशयाबद्दल नव्हतं.

"मी दुर्बिणीचं केलं असतं," त्या म्हणाल्या.

दुपारच्या राऊंडला डॉ. गुल्हाने आले. "काय ठरलं?"

"दुर्बिणीचं," आशाबाई म्हणाल्या. "आन् तुमीच करा. बाई म्हनल्या, हात मोठा."

डॉक्टरांनी चष्म्यावरून मैनाबाईंकडे पाहिलं. मैनाबाई चादरीची घडी नीट करत होत्या. सहायक सर्जन डॉ. रागिणी शेजारी उभी होती. ती तिशीतली, हुशार, गेली दोन वर्षं इथं होती. ती म्हणाली, "सर, मी करते ना. तुमची मान—" डॉक्टर म्हणाले, "एक करून पाहू. बऱ्याच दिवसांत केलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाईंनी गरम पाण्याचा थर्मास स्वतः भरला. दांडी हातात आली तेव्हा ती त्यांना जरा जड वाटली, वर्षभराची सवय मोडलेली. पडद्यावर आधी गुलाबी धूसर, मग यकृताची तांबूस कड, तिच्याखालून डोकावणारं निळसर हिरवं पित्ताशय. शेजारी तोच कोपर. डॉक्टरांनी पित्ताशय वर उचललं आणि त्यांचा खांदा वळायच्या आधीच दुर्बीण त्या अंगाला गेली.

"अरे वा," डॉक्टर पुटपुटले.

मुखपट्टीच्या आत मैनाबाईंचे गाल ओले झाले होते.

वीस मिनिटं तशी गेली. नंतर काम थोडं अडलं. आशाबाईंनी वर्षभर काढलेल्या कळांनी आत बारीक चिकटे पडले होते. ते सोडवता सोडवता मैनाबाईंना पडद्यावर एक गोष्ट दिसली. डाव्या हत्याराचं टोक थरथरत होतं. फार नाही, पण पडद्यावर सगळंच मोठं होऊन दिसतं, आणि दुर्बीण जवळ असली की आणखी मोठं. कोपराला कोपर लागलेला होता. डॉक्टरांचा हात दगडासारखा झालाय हे त्यांना कळलं.

त्यांनी दुर्बीण हळूच मागं घेतली. चित्र लहान झालं, थरथर लहान झाली. भूल देणाऱ्याला दिसणार नाही, टेबलापलीकडच्या रागिणीला दिसणार नाही. दोन श्वास त्या तशाच राहिल्या. आणि मग आपण काय करतोय ते त्यांच्या ध्यानात आलं. चोवीस वर्षांत त्यांनी दाखवण्यासाठी कॅमेरा धरला होता. झाकण्यासाठी आज पहिल्यांदा. आणि त्या पडद्याच्या पलीकडे जिचं पोट होतं ती त्यांच्या शब्दावर इथं आली होती.

त्यांनी दुर्बीण पुन्हा जवळ नेली. टोक थरथरताना सगळ्यांना दिसलं.

"सर," त्या हळू म्हणाल्या, "रागिणी मॅडमले द्या."

डॉक्टरांचे हात थांबले. पडद्यावर ते टोक अजून हलत होतं आणि आता तेही ते पाहत होते. मग त्यांनी हत्यार सोडलं, एक पाऊल मागं घेतलं. "रागिणी, इकडं ये," ते म्हणाले. आवाज साधा होता. कुणीतरी स्टूल दिलं, त्यावर ते बसले आणि डावा हात उजव्या हातात धरून पडद्याकडे बघत राहिले.

रागिणीनं पुढचं काम नीट केलं, घाई न करता. मैनाबाईंनी नळी पुढून दाखवली, मागून दाखवली. रागिणीनं विचारलं, "ठीक?" मैनाबाईंनी मागं स्टुलाकडे कान दिला. स्टुलावरून काही आलं नाही. "हो," त्या म्हणाल्या. आशाबाई दुसऱ्या दिवशी पोहे खाऊन घरी गेल्या. जाताना खुशालरावांनी मैनाबाईंना संत्र्यांची पिशवी दिली. मोसम नसताना कुठून मिळवली कोण जाणे.

ती संत्री घेऊन मैनाबाई डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि उभ्या राहिल्या.

"बस ना," डॉक्टर म्हणाले.

"सर, मले सांगाचं हाय. आशाबाईले दुर्बिणीचं कर मनून मी म्हनलं."

"माहीत आहे. खोटं सांगितलंस का काही?"

"नाई. सगळं खरं सांगतलं. पन सांगताना मनात माहं होतं, तिचं नोतं."

डॉक्टरांनी टेबलावरचा पेपरवेट बाजूला सारला. "मलाही कळलं होतं ते," ते म्हणाले. "राऊंडलाच कळलं. मी तेव्हाच नाही म्हणू शकलो असतो. रागिणी म्हणत होती, तिला करू द्यायला हवं होतं. पण मला एकदा तिथं उभं राहायचं होतं." त्यांनी डावा हात उचलून दाखवला. करंगळी नीट सरळ होत नव्हती. "तुला वाटतं मला ती पेटी आवडते? लोक म्हणतात, रोबोनं पेशंटला फार फरक पडतो. साध्या पित्ताशयाला नाही पडत. ते तू तिला बरोबर सांगितलंस. बाहेरदेशांत काही अभ्यास तर म्हणतात की रोबोवर सर्जनचा हात नवा असेल तर उलट जपूनच राहावं. पण मला फरक पडतो. तिथं हात टेकवून बसता येतं, थरथर यंत्र गाळून टाकतं. ती पेटी नसती तर मी वर्षापूर्वीच घरी बसलो असतो. ती माझी काठी आहे, मैना."

"मले समजते सर."

"समजतं ना? मग रागावू नकोस तिच्यावर."

"मी मशीनवर नाई रागावली," मैनाबाई म्हणाल्या. "मले नुसती याद येते."

डॉक्टरांनी मान हलवली. "मलाही येते," ते म्हणाले. "पेटीत डोकं घातलं की सगळं दिसतं, फक्त शेजारी कोण आहे ते दिसत नाही."

त्यांनी एक संत्रं सोललं आणि अर्धं पुढं केलं. आंबट निघालं. दोघांनी खाल्लं.

त्या वर्षाच्या शेवटी रागिणीनं नोकरी सोडली. तिनं अकोल्यात, रेल्वे स्टेशनच्या अलीकडे, दोन खोल्यांचं ऑपरेशन थिएटर भाड्यानं घेतलं. रोबो तिच्या आवाक्याबाहेरचा, आणि तिला नकोही होता. इथं खेड्यांतून येणाऱ्यांना दुर्बीण पुरते, ती म्हणायची. तिनं मैनाबाईंना विचारलं. मैनाबाईंनी डॉ. गुल्हान्यांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "जा. तुझा हात इथं वाया जातोय." हे त्यांनी एवढ्या चटकन म्हटलं, की मैनाबाईंना थोडं वाईटच वाटलं.

रागिणीबरोबर जमायला वेळ लागला. ती डावखुरी. काम करताना ती सतत बोलते, स्वतःशी, पेशंटशी, आतल्या चरबीशीसुद्धा. आधी मैनाबाईंना त्या बडबडीत काही ऐकूच येत नसे. पण हळूहळू त्यांना कळलं की रागिणी गप्प झाली की समजायचं, अवघड जागा आली. तेव्हा जवळ जायचं. साध्या पित्ताशयाला तिला तासभर लागतो. ती क्लिपच्या आधी थांबते. मैनाबाई हो म्हणतात. काम चांगलं चालतं, पेशंट चालत घरी जातात. गाडीच्या धावपळीतून सुटका झाली म्हणून डोमाजी खूष आहेत. सगळं जागेवर आहे, आणि तरी दांडी हातात घेतली की पहिल्या मिनिटाला मैनाबाईंचा उजवा कोपर आपोआप शेजारी काहीतरी शोधतो. रागिणी जरा लांब उभी राहते.

यंदा फेब्रुवारीत डॉ. गुल्हाने एका लग्नासाठी अकोल्याला आले आणि न कळवता रागिणीच्या थिएटरला गेले. टेबलावर बाळापूरचे एक गृहस्थ होते आणि काम मध्यावर आलेलं. मागं दार उघडल्याचा आवाज झाला. कुणीतरी टोपी-मास्क घालून आत येऊन उभं राहिलं. रागिणीनं वळून पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. मैनाबाईंनी पाहिलं नाही. दुर्बीण हातात असताना वळता येत नाही. पण थोड्या वेळानं मागून तो श्वास ऐकू आला, नाकातून जरा शिटीसारखा निघणारा, आणि त्यांना कळलं.

त्यांनी चित्र पूर्वी कधी नव्हतं एवढं स्थिर धरलं. आडवी रेघ आडवी, हत्यार मधोमध. पुढून दाखवलं. मागून दाखवलं. रागिणी बडबड थांबवून काम करत होती. मैनाबाईंना वाटत होतं, हे पित्ताशय आज सुटू नये, चिकटून राहावं, आणखी दहा मिनिटं तरी.

ते सहज सुटलं. दुर्बीण बाहेर काढून, ती ट्रेमध्ये ठेवून मैनाबाई वळल्या तेव्हा मागं कुणी नव्हतं. भूल देणारा म्हणाला, "सर आत्ताच गेले. मान दुखते म्हणाले, उभं राहवत नाही."

त्या हातमोजे काढून बाहेर आल्या. पायऱ्यांवर ऊन होतं. डॉक्टर रिक्षात बसत होते, डाव्या हातात लग्नातला नारळ धरायला जमेना म्हणून उजव्यात घेऊन.

"सर, चहा तरी?"

"गाडी आहे गं तीनची." मग रिक्षावाल्याला थांबायची खूण करून ते म्हणाले, "छान दिसत होतं. सगळं."

"बसा ना पाच मिनिटं."

"पुढच्या वेळी," डॉक्टर म्हणाले.

रिक्षा स्टेशनच्या रस्त्याला लागली. मैनाबाई वळण येईपर्यंत उभ्या राहिल्या. आतून रागिणीनं हाक मारली, दुसरा पेशंट आला होता. त्या आत गेल्या, हात कोपरापर्यंत घासून धुतले, आणि थर्मासमधलं पाणी पुरेसं गरम आहे का ते पाहिलं.